एकेरी

"दूध हवंय का तुम्हाला, ब्रोकहॉफबाई?" थीसेनसाहेब एवढंच म्हणाले. कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही चौघं होतो. साहेब, मी आणि मोटार विभागातले दोघे जण, ज्यांची नावं मला अजून धड पाठ नाहीत. दुधाचा खोका साहेबांच्या हातात होता. आणि क्षणभर आधी मी त्यांना विचारलं होतं, "फोल्कमार, मान कशी आहे रे तुझी?" काल संध्याकाळपर्यंत ह्या माणसाला मी फोल्कमारच म्हणत होते आणि तो मला गेझीने. परवा त्याची मान आखडली तेव्हा मीच माझी लोकरीची शाल त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली होती आणि तो म्हणाला होता, "तू होतीस म्हणून, गेझीने." आता सोमवार सकाळ, आणि दूध हवंय का तुम्हाला. मोटारवाल्यांपैकी एकाने आपल्या कपात बघितलं. दुसऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग पटकन खिडकीकडे. "नको, मी काळीच घेते," मी म्हणाले. जन्मात कधी बिनदुधाची कॉफी घेतलेली नाही मी. तो कडू घोट तिथेच उभी राहून गिळला, कारण लगेच निघाले असते तर थोबाडीत बसलीय हे सगळ्यांना कळलं असतं.

जागेवर येऊन बसले आणि सजगतेच्या वर्गात आन्केने शिकवलंय तसं करायला घेतलं. दोन्ही पाय जमिनीवर. पाठ सरळ, पण ताठ नाही. श्वास आत, श्वास बाहेर. विचार आला की त्याला म्हणायचं, हा नुसता विचार आहे, आणि जाऊ द्यायचं. पाय जमिनीवर होते. विचार आला: तुम्हाला. हा नुसता विचार आहे. तुम्हाला. खिडकीबाहेर ब्रेमनचा जानेवारी होता, म्हणजे काहीच नव्हतं, राखाडी ओल. मान गरम झाली होती, कान गरम झाले होते. आन्के म्हणते शरीरात काय चाललंय ते नुसतं बघायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही. बघितलं. कान गरम. डोंबल. लाजेने माणसाचे कान गरम होतात हे कळायला मला वर्ग लागत नाही.

"कॉफी काळी आहे तुमची," समोरून लुअर्सनबाई म्हणाल्या. आमची टेबलं समोरासमोर आहेत, वीसेक वर्षं झाली. मधे एक कुंडी आहे, तिला पाणी त्या घालतात.

"आज काळी घ्यावीशी वाटली."

"असं होय. वर्तमानात राहायला बरी पडत असेल." आणि त्या पुन्हा आपल्या पडद्याकडे वळल्या. लुअर्सनबाईंनी त्या वर्गाला साफ नकार दिला होता. "श्वास घ्यायला मला आईनेसुद्धा शिकवलं नाही, माझं मीच शिकले," असं त्या साहेबांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. आणि पहिल्या दिवशी आम्ही एकेक बेदाणा तळहातावर ठेवून त्याच्या सुरकुत्या बघितल्या, कानाशी धरून ऐकला आणि मग पाच मिनिटं चघळला, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून बेदाण्यांचा आख्खा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या. नाताळपर्यंत पुरतील तुम्हाला."

मी पाण्याचे दावे बघते. नळ फुटला, कपड्यांच्या मशीनची नळी निसटली, वरच्या बाईंच्या न्हाणीतलं पाणी खालच्यांच्या झुंबरातून ठिबकायला लागलं, की लोक आमच्या विमा कंपनीला लिहितात आणि ते पत्र माझ्याकडे येतं. सगळ्यांच्या पत्रात एक वाक्य असतंच: मी फक्त क्षणभर बाजूला गेले होते. त्याला माझं ठरलेलं उत्तर असतं: नुकसान होत होतं त्या वेळी नेमक्या कुठे होता तुम्ही? लक्ष नसणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, पण त्याने भरपाई कमी होते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं लक्ष कुठे होतं ते मोजत बसलेय. आणि हल्ली, खरं म्हणजे मार्चपासून, माझंच लक्ष नसतं. पत्रातली अक्षरं पोहायला लागतात. एकच पत्र तीन-तीनदा वाचते. चूक अजून एकही केलेली नाही, कारण तीनदा वाचते. पण पोहतात.

मार्चमध्ये हेनिंग, माझा नवरा, गेला. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तू माझा चष्मा पाहिलास का?" चष्मा त्याच्या कपाळावर होता. मी कपाळाकडे बोट दाखवलं, तो हसला, जिना उतरला आणि ट्रामच्या थांब्यावर कोसळला. मला कोणी शेवटचं 'तू' म्हटलं ते हे. तेव्हा ते शेवटचं आहे हे कळलं नाही, नंतर कळलं, आठवड्या-दोन आठवड्यांनी, बेकरीत. पावाचे पैसे देताना बेकरीवाली म्हणाली, "तुम्ही नीट जेवता ना?" किती मायेने म्हणाली. आणि माझ्या लक्षात आलं की आता सगळे तुम्ही. पोस्टमन तुम्ही, डॉक्टर तुम्ही, शेजारी तुम्ही, दफनाच्या वेळचे पाद्री तुम्ही. आई कधीच गेली. भाऊ-बहीण नाही, मूल झालं नाही. शाळेतली एक मैत्रीण होती तिला तिच्या मुलाने दूर दक्षिणेला नेलं आणि आता ती फोनवर कोणालाच ओळखत नाही. सगळी माणसं चांगली आहेत. माझं काही वाईट चाललेलं नाही. पण मला तू म्हणेल असं माणूस ह्या गावात उरलं नाही, आणि तू म्हणणारं कोणी नसलं की आपण घरीसुद्धा बाहेरचे कपडे घालून बसल्यासारखं होतं. हे मी कोणाला बोलले नाही. काय बोलणार? माझी एक सर्वनामाची अडचण आहे?

तर नोव्हेंबरात कंपनीने सजगतेचा वर्ग काढला, आणि आन्के आली, मोज्यांवर, कारण ती खोलीत बूट घालत नाही. आम्ही दहा-बारा जण वर्तुळात, आणि त्यात थीसेनसाहेबसुद्धा, गुडघे कुठे ठेवावेत ते न कळून अवघडलेले. आन्के म्हणाली, "ह्या वर्तुळात सगळे तू. इथे साहेब नाही, बाई नाही. आणि इथलं बोलणं इथेच राहणार." मी मनात म्हटलं, आता ही पोरगी मला तू म्हणणार. आणि ती वळली आणि म्हणाली, "आणि तू? तुझं नाव काय?" नाक उडवायच्या तयारीने गेलेली बाई मी, आणि एका पोरीने तू म्हटलं म्हणून मला खिशातला रुमाल शोधावा लागला. बाकीच्यांना वाटलं, सर्दी.

मग दर मंगळवारी गेले. बेदाणे चघळले, डोळे मिटून अंगठ्यापासून टाळूपर्यंत स्वतःला तपासलं, खोलीत बगळ्यासारखी पावलं टाकत चालले. घरी करायला आन्केने आपल्या आवाजातले तुकडे मोबाईलवर दिले होते, तेही ऐकले, आणि ऐकून हसले, कारण ती पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं बोलते. त्या सजगतेवर माझा कधीच विश्वास बसला नाही. मी तिथे जात होते ती त्या एका अक्षरासाठी. भिकाऱ्यासारखी जात होते म्हटलं तरी चालेल.

विश्वास न बसण्याचं कारण हेनिंग. हा माणूस ह्या क्षणात कधी राहिलाच नाही. ट्रामचं वेळापत्रक बसवणं हे त्याचं काम, आणि वेळापत्रक वर्षभर आधी बसवायचं असतं. म्हणजे बाहेर मे महिन्याचं ऊन असायचं आणि तो पुढच्या डिसेंबरात. दूध उतू जायचं. किल्ली दाराला बाहेरून तशीच. मी दिवसातून दहादा म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुझं?" आणि तो खरंखरं सांगायचा, "आत्ता ना, चार नंबरच्या ट्रामला पुलावर दोन मिनिटं जास्त लागणार आहेत, ती कुठून काढू ते बघतोय." त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही तीस वर्षं बसलो आणि एकदाही तिथे नव्हतो. पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या बेटावर जायचं, छपराला पत्रा कधी घालायचा, म्हातारपणी दोन खोल्यांत राहायचं की तीन. समोरचं सूप निवून जायचं. सूप निवू देणारा माणूस समोर असणं, हाच संसार असं आता वाटतं. आन्के म्हणते, भूतकाळ म्हणजे एक विचार आणि भविष्यकाळ म्हणजे एक विचार, खरा फक्त हा क्षण. तिचं चालू दे. तिला माणूस आहे घरी, मी त्याला बघितलंय, तो तिला न्यायला यायचा. माझ्या ह्या क्षणात एक रिकामी खुर्ची आहे आणि एक फ्रिज.

हेनिंग आणि मीही एकदा एकमेकांना तुम्हीच होतो. कोबीच्या फेरीत तुटलं ते. हिवाळ्यात माणसं ढकलगाडीत बाटल्या भरून, गळ्यात दोरीने इवलासा पेला अडकवून, वाऱ्यापावसात कोसभर चालतात आणि मग खानावळीत शिरून हिरवा कोबी आणि सॉसेज खातात, ती फेरी. वाटेत एका कुंपणापाशी तो थांबला. त्याचं नाव मला ठाऊक होतं, माझं त्याला, दोन्ही नावं यादीत होती. तरी त्याने गळ्यातला पेला भरला आणि गंभीरपणे म्हणाला, "मी हेनिंग." तू म्हणायची परवानगी अशी मागतात. थोरल्याने आपलं ठाऊक असलेलं नाव पुन्हा सांगायचं, आणि दुसऱ्याला हवं असेल तर त्याने आपलं सांगायचं. न सांगितलं तर विषय तिथेच संपला, पुन्हा कोणी काढत नाही. मी म्हणाले, "मी गेझीने." आणि प्यायलो. बस, एवढ्यावर झालं सगळं.

म्हणून तर मला समजायला हवं होतं. वर्तुळातलं तू हे वर्तुळातलं, आन्केने सरसकट वाटलेलं. पण थीसेनची गोष्ट वेगळी झाली असं मला वाटलं. काल-परवा, वर्गाच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, आम्हाला दलदलीकडच्या एका जुन्या घरात नेलं होतं. तिथे वर्तुळात तो बोलला. बायको मुलाला घेऊन निघून गेलीय. रोज संध्याकाळी तो इमारतीखालच्या वाहनतळावर आपल्या गाडीत बसून राहतो आणि मुलाच्या लहानपणच्या गोष्टींची कॅसेट ऐकतो, मग घरी जातो. बोलता बोलता रडला. मी शेजारी होते, मी त्याचा हात धरला, आणि माझी पाळी आली तेव्हा मीही बोलले. अक्षरं पोहतात म्हणाले. तीनदा वाचते म्हणाले. नंतर सायकलींच्या छपराखाली आम्ही दोघंच उभे होतो, वर्तुळ नव्हतं, आन्के नव्हती, त्याची मान आखडलेली, माझी शाल त्याच्या गळ्यात. तिथे तो म्हणाला, तू होतीस म्हणून, गेझीने. कोणी सांगितलं नव्हतं त्याला म्हणायला. मी रविवारी रात्री घरी येऊन मोठ्याने म्हणून बघितलं: तू होतीस म्हणून. आणि चांगली झोप लागली. मूर्ख बाई.

दुपारी फोन वाजला. साहेबांनी आत बोलावलं होतं. लुअर्सनबाईंनी माझ्याकडे बघितलं. सकाळची हकीकत मोटारवाल्यांनी जेवणाच्या रांगेत सांगितली असणार, कारण रांगेत मी गेले तेव्हा एकदम सगळ्यांना कोबीच्या फेरीबद्दल बोलायची घाई झाली होती.

"बस, गेझीने," दार लावून ते म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण त्या एका शब्दाने माझा सकाळपासूनचा राग वितळला. बसले. त्यांच्या टेबलावर आता पितळेचा एक वाडगा असतो, बैठकीआधी तो लाकडाच्या दांडीने वाजवतात आणि आम्ही सगळ्यांनी तीन श्वास घ्यायचे. "सकाळचं मनावर घेऊ नकोस हं. चारचौघांत ते बरं दिसत नाही. तुला समजतं ना?"

"दार लावलं की तू, असं का?"

"असं तिरकं नको ना बोलूस." त्याने मान चोळली. माझी शाल त्याने अजून परत केलेली नव्हती. "हे बघ, मी मित्र म्हणून बोलतोय. उन्हाळ्यापासून पाण्याच्या विभागातली माणसं कमी करायचीयत. अजून कोणाला सांगितलेलं नाही. आणि मला तुझी काळजी वाटते. खरंच. तूच म्हणालीस ना, अक्षरं पोहतात. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही ते. तू लवकर निवृत्ती घे. स्वतःकडे बघ जरा. सोडून देता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आपण शिकलो ना ते? आणि तुझ्यात ती ताकद आहे."

"वर्तुळातलं बोलणं वर्तुळातच राहतं, असं ठरलं होतं."

"अर्थात. कागदावर ह्यातलं काही येणार नाही. म्हणून तर मी तुला असं बोलावलं. हे तुझ्याकडून आलं, तर सगळ्यांनाच सोपं जाईल."

तो वाईट माणूस नाही. हेच तर जिव्हारी लागलं. त्याचे डोळे खरोखर ओले होते. त्या तू मध्ये तो मऊ उशीवर ठेवल्यासारखी माझी वीस वर्षं ठेवत होता आणि उशीसकट दाराबाहेर नेत होता, आणि मी म्हणावं थॅंक यू फोल्कमार, किती रे तुला माझी काळजी. सकाळच्या तुम्हीपेक्षा हे तू शंभरपट नीच होतं. आणि तरी, देवाशप्पथ, एक क्षण मला वाटलं की हो म्हणावं. हो म्हटलं तर तो आणखी दहा मिनिटं मला तू म्हणत राहील. वाहनतळावरची गाडी, कॅसेट, सगळं माझ्या जिभेवर येऊन थांबलं. ते मी बोलले नाही. उठले, खुर्ची आत सारली.

"थीसेनसाहेब, तुम्हाला जे म्हणायचंय ते तुम्ही लेखी कळवा. मी लेखी उत्तर देईन."

"गेझीने, अगं..."

"ब्रोकहॉफबाई."

तो बघतच राहिला. एकदा दिलेलं तू परत घेणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. भांडणात माणसं शिव्या देतील, पण हे नाही करत. "तू मला तुम्ही म्हणतेयस?" तो म्हणाला, अगदी हळू.

"हो. तुम्हाला," मी म्हणाले आणि दार उघडंच ठेवून बाहेर आले.

पाच वाजेपर्यंत काय केलं मला आठवत नाही. पत्रं वाचली असतील. डोक्यात तीच खोली, तेच वाक्य. हो. तुम्हाला. जरा मोठ्याने म्हणायला हवं होतं का? शाल मागायला हवी होती. "आणि माझी शाल धुऊन पाठवा," असं म्हणून निघाले असते तर काय बहार आली असती. कोट घालायच्या खोलीत गेले तरी तेच. लुअर्सनबाई आधीच तिथे होत्या, मफलर गुंडाळत. त्यांना नेहमी घाई असते, सव्वापाचची ट्राम असते त्यांना, आज नव्हती. मफलर गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"शुक्रवारी कोबीची फेरी आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"मी यायचं म्हणतेय ह्या वर्षी. उन्हाळ्यात निवृत्तच होतेय, मग कुठली फेरी नि काय. भावाने घरची आलुबुखाराची दारू दिलीय, बाटली उघडलेली नाही अजून." थांबल्या. "मला एकटीला जायची नाही ती."

"वा," मी म्हणाले. कोटाचं वरचं बटण लागत नव्हतं. हो. तुम्हाला. आणि शाल.

"मी हिल्के," लुअर्सनबाई म्हणाल्या.

"हो, माहितीये मला," मी म्हणाले.

बटण लागलं. लुअर्सनबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हातमोजे काढले खिशातून आणि एकेक बोट नीट बसवत घातले. "हं," त्या म्हणाल्या. "बरोबर. तुम्हाला माहीत असणारच. इतकी वर्षं समोर बसतोय. चला, उद्या भेटू, ब्रोकहॉफबाई."

"भेटू."

ट्राममध्ये उभी होते. काच धुकटली होती, बाहेर दिवे पसरट दिसत होते, कोणाच्या तरी ओल्या कुत्र्याचा वास येत होता. मी हेनिंगला सगळं सांगत होते, मनातल्या मनात, माझी रोजची सवय आहे ती. साहेब असं म्हणाला, मी असं म्हणाले, उठले, खुर्ची सारली. तो हसत होता. मग लुअर्सनबाई म्हणाल्या, फेरीला येतेय, बाटली आहे, आणि मग म्हणाल्या, मी हिल्के. तिथे हेनिंग हसायचा थांबला. मी हिल्के. वीस वर्षांत त्या बाईंनी माझ्यासाठी हे दोन अक्षरी नाव तोंडातून काढलं नव्हतं. हेनिंग गेला तेव्हा आठवडाभर माझ्या दाराशी कोंबडीच्या सूपचं भांडं ठेवून गेल्या, घंटा न वाजवता, आणि तरी तुम्ही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत, तेव्हा बोलायचं त्यांनीच, मला ते विचारता येत नाही. त्यांनी ते आज बोलून दाखवलं, त्या सकाळच्या तमाशानंतर, मफलर दोनदा गुंडाळून. आणि मी म्हणाले, हो, माहितीये मला.

नुकसान होत होतं त्या वेळी नेमक्या कुठे होता तुम्ही?

मी फक्त क्षणभर बाजूला गेले होते. वर, साहेबांच्या खोलीत, एका माणसाला तुम्ही म्हणत होते, परत परत, चवीने. सगळ्या जन्मात एकदाच त्या क्षणात हजर राहायचं होतं आणि मी बेदाण्याइतकंही लक्ष दिलं नाही. आन्केचं खरं होतं म्हणायचं. माझ्या अंगाची लाही झाली ह्याने सुद्धा, की ती मोज्यांवर फिरणारी पोरगी बरोबर निघाली.

घरी आले, कोट न काढता फोन लावला. तिकडून उचलल्याबरोबर आवाज आला, "लुअर्सन."

"मी ब्रोकहॉफ बोलतेय."

"काय झालं? काही राहिलं का ऑफिसात?"

मी गेझीने. एवढंच म्हणायचं होतं. ट्रामपासून दारापर्यंत घोकत आले होते. पण उशिरा सांगितलेलं नाव म्हणजे काय होतं ते मला त्या फोनवर कळलं. लुअर्सनबाईंना वाटणार, हिला घरी जाऊन दया आली माझी. किंवा, विचार करून बघितला हिने, परवडतं का ते. त्यांच्या मागे रेडिओ चालू होता, कोणीतरी हवामान सांगत होतं.

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे, तुम्ही खिडकीजवळचा हीटर बंद केलात ना?"

"केला."

"बरं. मला आपलं वाटलं..."

"मी नेहमीच करते बंद." त्यांनी रेडिओ बारीक केला. "बऱ्या आहात ना तुम्ही?"

"हो. तुम्ही?"

"मला काय झालंय," त्या म्हणाल्या. आणि मग आम्ही एकमेकींना नीट, रीतीप्रमाणे, शुभसंध्याकाळ म्हटलं.

स्वयंपाकघरात दिवा लावला. खुर्ची, फ्रिज. आधी म्हटलं आन्केचे ते तुकडे मोबाईलवरून पुसून टाकू, निदान एक तरी काम आज तडीस जाऊ दे. कोट अंगात, चष्मा धुकटलेला, पुसायच्या ऐवजी भलतंच दाबलं गेलं. आवाज सुरू झाला, तो पाळण्याजवळचा. "तू आलीस," आन्के म्हणाली. "छान झालं. आता तू बस. तुला आता कुठेही जायचं नाहीये."

मी बसले. हेनिंगच्या खुर्चीवर बसले, माझ्या खुर्चीवर पिशवी होती.

"तुझा दिवस कसाही गेला असेल," ती म्हणाली, "तू इथवर आलीस. तुझ्या मनात विचार येतील. येऊ देत. तू फक्त इथे आहेस." तिला माझा दिवस कसा गेला ते ठाऊक नाही. ती हे एका खोलीत, एकटी, एका यंत्रासमोर बोललीय, कोणासाठीच नाही, आणि कोणीही बटण दाबलं की म्हणते, तू. हे मला कळतं. मी काही वेडी नाही. मी कोटाची बटणं सोडली नाहीत, श्वास मोजला नाही, पाय जमिनीवर ठेवले की नाही ते बघितलं नाही. नुसती ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्यात ते अक्षर येण्याची वाट बघत होते. तू. तुझे खांदे. तुझा जबडा. तुला.

शेवटी ती म्हणाली, "आता तू हळूच डोळे उघड." माझे डोळे उघडेच होते. मग आवाज थांबला आणि फ्रिजची घरघर सुरू झाली. मी हात लांब केला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.